चार सेकंदांची शांतता

नमस्कार श्रोतेहो.

मी डिजिटल माध्यमांच्या वर्गात शिकणारी विद्यार्थिनी. वर्ष संपत आलंय, आणि या वर्गात माझ्या हाताला काय लागलं ते तुम्हाला सांगायला आज इथे बसले आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते, कारण सगळ्यात जास्त मी तिच्यातूनच शिकले.

पहिल्या सत्रात प्रत्येकाने एक मुलाखत ध्वनिमुद्रित करून ती पाच मिनिटांत बसवायची होती. मी माझ्या आजोबांना बोलतं केलं. आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. ते उलटं अक्षर आजोबा सरळ अक्षराच्याच वेगाने वाचायचे. ते चाळीस मिनिटं बोलले. आता त्या चाळिसाची पाच करायची होती.

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज डोळ्यांना दिसतो. फाइल उघडली की पडद्यावर एक आडवी रेघ येते आणि माणूस बोलायला लागला की ती वरखाली फुगते. थोड्या दिवसांत ती वाचताही येऊ लागते. ‘स’ आणि ‘श’ म्हणजे दाट, केसाळ पट्टा. ‘प’ किंवा ‘फ’ माइकच्या अगदी समोर उच्चारला तर तिथे एकदम खांब उभा राहतो, कारण ओठांतून सुटलेली हवा थेट माइकवर आदळते. म्हणूनच माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, तिरका धरतात. श्वास घेतला की छोटीशी गाठ दिसते. आणि माणूस गप्प बसला की रेघ जवळजवळ सपाट होते.

ते सपाट तुकडे मी कापत सुटले. श्वास काढले, ‘अं’ काढले, दोन वाक्यांमधली जागा काढली. मुलाखत बरोब्बर वेळेत बसली आणि मला फार आनंद झाला. बाईंनी ती वर्गात लावली, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि एवढंच विचारलं, “छापखाना बंद झाला त्याचं तुझ्या आजोबांना काहीच वाटलं नाही का गं?”

घरी जाऊन मी मूळ फाइल उघडली. मी विचारलं होतं, “छापखाना बंद झाल्यावर त्या खिळ्यांचं काय केलंत?” त्यानंतर रेघ सपाट. चार सेकंद. मग एक लांब श्वास, आणि मग आजोबा म्हणतात, “वजनावर विकले.” माझ्या आवृत्तीत प्रश्न संपला रे संपला की उत्तर येत होतं, भाव सांगावा तसं. शब्द सगळे त्यांचेच होते, मी एकही बदलला नव्हता. तरी ते बोलणं आजोबांचं राहिलं नव्हतं.

मग ते चार सेकंद परत जागेवर बसवले. यातही शिकण्यासारखं बरंच निघालं. नुसती रिकामी जागा सोडली की ती कानाला खड्ड्यासारखी लागते, कारण खरी खोली कधीच पूर्ण गप्प नसते. पंखा असतो, बाहेरचा रस्ता असतो, भिंतींवरून परत येणारा बारीक गुंजारव असतो. याला आमच्याकडे रूम टोन म्हणतात. मुलाखत झाली की कोणीही न बोलता, न हलता अर्धा मिनिट बसायचं आणि त्या खोलीचा आवाज नोंदवून ठेवायचा. पुढे जोडकाम करताना तो अस्तरासारखा खाली घालता येतो. आणखी एक गोष्ट. लहर वर किंवा खाली गेलेली असताना मध्येच कापली तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो. रेघ शून्याला छेदते तिथे कापायचं, नाहीतर काही मिलिसेकंदांचा उतार द्यायचा, म्हणजे आवाज एकदम न तोडता हळूहळू शून्यावर आणायचा. चांगला जोड ऐकूच येत नाही.

जोड ऐकू येत नाही, म्हणूनच तो करताना मला आता भीती वाटते. त्याच मुलाखतीत आजोबा म्हणाले होते, “कॉम्प्युटर आला ते बरंच झालं म्हणायचं, डोळे तरी वाचले, पण हातांना काम उरलं नाही.” ‘झालं’ या शब्दापाशी कापलं असतं तर ऐकणाऱ्याला कळलंही नसतं, आणि एक दुखावलेला माणूस समाधानी ठरला असता. माझ्या मते या वर्गात शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यासाठी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते. संपादित तुकडा ज्याचा आवाज आहे त्याला आधी ऐकवायचा, आणि “हे मी असं म्हणालो होतो का?” असं त्याने विचारलं, तर पुन्हा मूळ फाइलकडे जायचं.

दृश्यांचंही तेच. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी १९२०च्या सुमारास एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. शेजारी सूपचं ताट आलं तेव्हा प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर भूक दिसली, शवपेटी आली तेव्हा दुःख दिसलं, असं सांगतात. वर्गात हे ऐकल्यापासून मी बातम्यांच्या चित्रफिती वेगळ्या नजरेने बघते. हे चित्र याच चित्राशेजारी का ठेवलं, हा प्रश्न आपोआप मनात येतो.

थोडं आकड्यांचं. आवाज संगणकात शिरतो तो आकडे होऊन. सीडीसाठी लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते, चित्रफितीसोबतच्या आवाजासाठी सहसा ४८,००० वेळा. हे एवढे आकडे का, तर माणसाचा कान साधारण सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि लहर नीट पकडायची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. १६ बिटमध्ये, म्हणजे शून्य किंवा एक अशा सोळा घरांत आकडा लिहिला तर, प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्या मिळतात. आवाज सगळ्यात वरच्या पायरीच्याही वर गेला की त्याचा माथा सपाट कापला जातो, आणि गेलेला माथा फाइलमध्ये कुठेच उरत नाही. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत. म्हणून बोलण्याची पातळी उणे बाराच्या आसपास ठेवायची, माणूस अचानक हसला तर त्या हसण्याला जागा हवी. आजोबांचं एक हसू माझ्याकडून असंच फाटलं. ते पुन्हा तसे हसले नाहीत.

फाइलींना तारीख घालून नाव देणं, मूळ प्रत कधीही न बदलणं, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणं, या सवयी लागल्या. त्यावर जास्त बोलत नाही.

मात्र चित्रवर्णनाबद्दल बोलायलाच हवं. संकेतस्थळावर फोटो टाकताना त्याच्यामागे दोन ओळींचं वर्णन लिहिता येतं. ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. पहिल्यांदा मी आजोबांच्या फोटोला लिहिलं, ‘वृद्ध गृहस्थ’. बाई म्हणाल्या, “यातून मला काय दिसलं?” मग पाच-सहा वेळा खोडून लिहिलं, ‘खिडकीजवळ बसलेले आजोबा, उजव्या हाताच्या चिमटीत एक खिळा, अक्षराची बाजू स्वतःकडे धरलेली.’ श्रोतेहो, तुम्हीही आत्ता माझं बोलणं न बघता ऐकताय. तुमच्यासमोर बोलायचं ठरलं तेव्हा मला हे चित्रवर्णनच आधी आठवलं.

आता तो मुलाखतीचा तुकडा लावते. पहिला आवाज माझा आहे. प्रश्न संपल्यावर रेडिओ बंद पडला असं वाटेल, पण बटणाला हात लावू नका. पंख्याची घरघर ऐकू येईल, ती माझ्या आजोबांच्या खोलीतली आहे.