टीव्हीत आवाज आहे, चित्र नाही? नवा घ्यायच्या आधी टॉर्च मारून बघा

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, फोनवर, कमेंटमध्ये एकच प्रश्न आहे: "दादा, जुना टीव्ही बिघडलाय, दुरुस्त करू की नवाच घेऊ?" म्हणून आज त्यावरच बोलतो.

आधी जीएसटीचं उरकतो, कारण "टीव्ही स्वस्त झालेत ना आता" असं दहातले आठजण म्हणतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्ही १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. म्हणजे ३२ इंचीवाल्यांना या कपातीत एक रुपयाही सुटलेला नाही. ४३ इंचीचा मूळ भाव वीस हजार धरला, तर आधी २५,६०० पडायचे, आता २३,६०० पडतात. दोन हजार वाचले. पण घरातला चांगला पॅनल, म्हणजे टीव्हीचा पडदा, भंगारात घालून दोन हजार वाचवले, तर त्याला मी बचत म्हणणार नाही.

साध्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, भराभर सांगतो. दुसऱ्या प्लगला लावून बघा. रिमोटचे सेल बदला. सेट टॉप बॉक्सची वायर काढून परत घट्ट बसवा. आवाज फाटत असेल तर स्पीकर बदलायचा, किरकोळ काम आहे. स्मार्ट टीव्ही नुसता हळू चालत असेल, ॲप उघडत नसतील, तर टीव्ही बिघडलेलाच नाही. ॲप चालवणारी तीन-चार हजारांची स्टिक मागे लावा, विषय संपला.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. "पॅनल गेला" हा शब्द. माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो या शब्दावर.

माझी आत्या वैरागला असते. तिचा ३२ इंची टीव्ही आषाढीच्या आदल्या दिवशी काळा पडला. आवाज येत होता, चित्र नाही. तिनं गावातल्या एकाला बोलावलं. त्यानं मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "पॅनल गेला, आता यात काही राम नाही." आत्यानं तो ४०० रुपयांना भंगारवाल्याला दिला आणि एकादशीची महापूजा शेजारी जाऊन बघितली. मला महिन्यानं कळलं. मी विचारलं, आवाज होता का? होता. चालू करताना क्षणभर उजेड यायचा का? "हो रे, लखकन यायचा आणि जायचा." मंडळी, तो पॅनल गेलेला नव्हता. मागचे दिवे गेले होते. माझ्या दुकानात ते काम दीड-दोन हजारांत होतं.

म्हणून नीट समजून घ्या. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो, त्याचा पडदा स्वतः उजेड देत नाही. पडद्यावर नुसतं चित्र तयार होतं, आणि ते दिसावं म्हणून मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्याला बॅकलाइट म्हणतात. दिवे गेले तरी चित्र पडद्यावर असतंच, फक्त अंधारात असतं.

ते बघायचं कसं? (कॅमेरा टेबलाकडे) हा ४३ इंची टीव्ही काल आलाय. खोलीतला लाइट घालवतो. टीव्ही चालू, आवाज ऐकू येतोय, पडदा काळा. आता मोबाइलची टॉर्च पडद्याजवळ, दोन-तीन बोटं अंतरावर, अशी तिरपी धरतो. समोरून सरळ नाही, तिरपी. रिमोटनं मेनू उघडतो. जवळ या... दिसली अक्षरं? पुसट आहेत, पण आहेत. पॅनल जिवंत आहे.

टॉर्च नीट जमली नाही तर दुसरी खूण बघा. टीव्ही बंद करून पाच मिनिटांनी चालू करा आणि पहिल्या दोन सेकंदांत डोळा हलवू नका. आत्या म्हणाली तसं लखकन उजेड येऊन गेला, तर दोष बहुधा दिव्यांच्या पट्टीत नाहीतर त्यांना वीज देणाऱ्या सर्किटमध्ये असतो. सर्किटला दोष कळतो आणि ते स्वतःच दिवे बंद करतं.

आणि तरीही कोणी "पॅनल" म्हणालाच, तर दिवाळीचा आकाशकंदील आठवा. कागद म्हणजे पॅनल, आतला बल्ब म्हणजे बॅकलाइट. बल्ब उडाला म्हणून कंदील कोणी फेकून देतं का? (ओएलईडी टीव्हीत मागे दिवे नसतात, तिथे ही टॉर्च चालत नाही. आपल्याकडे जुने म्हणून येणारे बहुतेक एलईडीच असतात.)

एका ताईंची कमेंट होती, "एकच एलईडी गेला असेल तर एकच बदलून द्या ना, सगळ्या पट्ट्यांचे पैसे कशाला?" ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे, मीही सुरुवातीला तेच करायचो. ही जुनी पट्टी बघा. पांढरी, दोन बोटं रुंदीची, वर बटणांसारखी भिंगं. याच्यातलं भिंग काढलं तर खाली हा काळा डाग, मोहरीएवढा. हाच जळालेला एलईडी. हे सगळे एकामागे एक, जुन्या दिव्यांच्या माळेसारखे जोडलेले असतात. एक तुटला की ओळच बंद. पण बाकीच्यांनीही तेवढीच वर्षं तेवढाच ताप सोसलेला असतो. मी एक बदलून दिलेला टीव्ही दोन महिन्यांत परत आला, शेजारचा एलईडी गेला म्हणून. त्या दिवसापासून मी पूर्ण सेटच टाकतो. एक धोकाही सांगून ठेवतो. पट्ट्यांपर्यंत जायला पॅनल उचलावा लागतो, आणि तो पापडासारखा असतो. दोन माणसं लागतात. तुमच्या मेकॅनिकला आधी विचारा, "पॅनल काढताना तडकला तर जबाबदारी कोणाची?" जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडेच द्या.

आणि घरी गेल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा. दिवे तापून मरतात, आणि आमच्या बार्शीच्या उन्हाळ्यात तर लवकरच.

मग नवा कधी घ्यायचा? पॅनल खरंच फुटला असेल, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा किंवा शाईसारखा डाग पसरला असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. पॅनलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीला भिडते. उभ्या रेघा असतील तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष टीव्हीतच. मेनू स्वच्छ असेल तर बॉक्स किंवा वायर तपासा. या रेघा पुष्कळदा आपल्याच हातानं येतात. पडद्यावर थेट स्प्रे मारला की पाणी ओघळून खालच्या चौकटीत शिरतं, आणि तिथेच पॅनलची नाजूक जोडणी असते. फडका किंचित ओला करा, पडदा नाही.

टीव्ही पूर्ण बंद असेल, लाल लाइटही नसेल, तर घाबरू नका. दोष पॉवर सप्लायचा, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, असू शकतो. फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), कधी आत मेलेली पाल. स्वस्तात होतं. पण झाकण तुम्ही उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असू शकते. वळवाच्या पावसात वीज पडून मदरबोर्ड जळाला असेल तर मात्र आधी बोर्ड मिळतोय का ते बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करतो आम्ही, पण सात-आठ वर्षं जुन्या मॉडेलचा बोर्ड सापडेलच असं नाही.

पैशाचं माझं माप सांगतो. लोक म्हणतात, नव्याच्या निम्म्यापर्यंत खर्च करावा. मला निम्मं जास्त वाटतं. टीव्ही पाच वर्षांच्या आतला असेल तर ठीक, त्यापुढे नव्याच्या एक तृतीयांशाच्या वर गेलं की मी स्वतः गिऱ्हाइकाला थांबवतो.

"सगळे दुरुस्तीवाले लुटतात" अशीही कमेंट येते. मला वाईट वाटतं, पण आत्याच्या बाबतीत तेच घडलं, म्हणून वाद घालत नाही. तुम्ही जुना पार्ट परत मागा. बिलावर नुसतं "रिपेरिंग" नको, पार्टचं नाव लिहून घ्या. तीन महिन्यांची गॅरंटी तोंडी नाही, लेखी.

जुना डबा टीव्ही असेल तर तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, त्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

कमेंट करताना तीन गोष्टी लिहा: मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, टीव्ही किती वर्षांचा आहे, आणि टॉर्च मारल्यावर काय दिसलं. त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. हा ४३ इंची टीव्ही संध्याकाळी न्यायला येणार आहेत. पोराला हाक मारतो, पॅनल उचलायला दुसरं माणूस लागतं.