आतड्याचं दुखणं आणि मेंदूतली नोंद

इटलीतलं बोलोन्या शहर. एमआरआयच्या यंत्रात एक रुग्ण निश्चल पडून आहे. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज आणि जखमा. सध्या आजार शांत आहे. जुलाब नाहीत, रक्तही नाही. डोळ्यांपुढे एकेक चित्र येतंय, काही आनंदाची, काही भीतीची.

आनंदाची चित्रं पाहताना निरोगी माणसाचा अमिग्डला, म्हणजे मेंदूतलं भावनांचं ठाणं, चांगलाच जागा होतो. या रुग्णांमध्ये तो तितका जागा झाला नाही. हे 2011 सालचं संशोधन. आतडं शांत झालं होतं, मेंदू मात्र पूर्ववत नव्हता!

यात नवल वाटायला नको. आतड्याच्या भिंतीत 10 कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू खालची खबर वर नेतात. वर्षानुवर्षं दुखण्याचीच खबर पोचत राहिली, तर मेंदूवर तिचा परिणाम होणारच. अर्थात आधी काय बदललं, हे एका स्कॅनवरून ठरत नाही.

आता माणसांकडे वळू. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं, की रडल्यावर कुणी धावून येतं की नाही, यावरून लहान मूल माणसांवर किती विसंबायचं ते शिकतं. ही शिकवण मोठेपणीही सोबत राहते. कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी 2005 मध्ये कोलायटिसच्या रुग्णांत हेच तपासलं. आजार बळावला की मन खचतं. पण जवळचं माणूस आपल्याला सोडून जाईल अशी धास्ती ज्यांना असते, ते जास्त खचतात.

इथे जपून बोलायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्याला हा आजार मनातूनच उपजतो असं मानत, आणि रुग्णाच्या आईकडे बोट दाखवलं जाई. त्या माउलींवर तो घोर अन्याय होता. आजारामागे रोगप्रतिकारशक्तीची गफलत, आनुवंशिकता आणि आतड्यातले जिवाणू आहेत.

औषधं हवीतच. पण तपासणीच्या खोलीत आणखी एक प्रश्न विचारला जावा: "रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, तेव्हा घरात कुणाला हाक मारता?" "कुणालाच नाही, उगाच त्यांची झोपमोड कशाला," असं उत्तर आलं, तर त्या रुग्णाला पुढची तारीख लवकरची द्यावी, आणि समुपदेशकाची चिठ्ठीही.