गाणी आधीच पाठ होती

नमस्कार. लंडनमध्ये चेरिंग क्रॉस रोडवर अ‍ॅस्टोरिया नावाचं एक सभागृह होतं. दोनेक हजार माणसं मावायची, बहुतेक उभीच. २००५च्या ऑक्टोबरमध्ये तिथे शेफिल्डच्या चार पोरांचा कार्यक्रम झाला. वय एकोणीस-वीस. तिकिटं सगळी संपलेली. तोवर त्यांच्या नावावर दुकानात मिळेल असं काय होतं? मे महिन्यात स्वतःच काढलेली एक छोटी तबकडी, तिच्या सीडी मोजून पाचशे. कंपनीने काढलेलं पहिलं गाणं बाजारात यायला अजून काही दिवस होते, अल्बमला तीन महिने. आणि तरी समोरची गर्दी शब्दन् शब्द गात होती. गाणारा थांबला तरी गाणं थांबत नव्हतं.

हा बँड म्हणजे आर्क्टिक मंकीज. त्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल किंवा घरी गेल्यावर बघता येईल. मला बोलायचंय ते फक्त एवढ्यावरच, की अ‍ॅस्टोरियातल्या त्या माणसांना गाणी पाठ कशी झाली होती.

त्याआधी एक शब्द सोडवून घेतो. निमंत्रणावर 'ब्रिटिश इंडी रॉक' असं छापलंय. ते वाचून परवा एका स्नेह्यांचा फोन आला, "म्हणजे तिकडचे आपले लोक का?" त्यांची चूक नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'इंडिपॉप' होतं, तिथलं 'इंडि' इंडियाचंच होतं. हे 'इंडी' म्हणजे 'इंडिपेंडंट'चं लाडाचं नाव. बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, लहान कंपनीकडून निघालेलं संगीत. हळूहळू ते एका घाटाचंही नाव झालं. दोन गिटारी, एक बेस, ड्रम, आणि पुढे एक गायक, जो गातो कमी आणि सांगतो जास्त.

आता शेफिल्ड. हे पोलादाचं गाव. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यांचं कूळ काढत गेलात तर १९१३ साली याच गावातल्या हॅरी ब्रिअर्लीपाशी पोचाल. गिरण्या गेल्यावर मुंबईत लालबाग-परळचं जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे; भट्ट्या विझल्यावर शेफिल्डचं थोडंफार तेच झालं. पण गाण्याची परंपरा जबर. या गावातला पल्प हा बँड १९७८ साली निघाला आणि देशभर नाव झालं १९९५ साली. सतरा वर्षं! तेवढ्यात आपल्याकडे मूल जन्मून बारावीला बसतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या चार पोरांना लागली जेमतेम अडीच वर्षं. दोघांचं गाव एक. मग मधे बदललं काय?

शहराच्या उत्तर टोकाला हाय ग्रीन नावाची वस्ती आहे. अ‍ॅलेक्स टर्नर आणि मॅट हेल्डर्स तिथले शेजारी, लहानपणापासूनचे दोस्त. २००१च्या नाताळात टर्नरला आणि जेमी कुकला गिटार मिळाली. बाकीच्यांच्या हातात तारा आलेल्या, म्हणून हेल्डर्सने ड्रम घेतले. बेसवर अँडी निकल्सन. पहिला कार्यक्रम १३ जून २००३, शुक्रवार, ट्रिपिट लेनवरच्या 'द ग्रेप्स' या पबमध्ये, आणि तोही दुसऱ्या बँडच्या आधी. आठ गाणी. चार स्वतःची, चार उसनी. उसन्यांत बीटल्सही होते. नवशिके पुलंची नक्कल करून मग स्वतःचं काहीतरी घुसवतात, तसंच.

अशा पबमधली रात्र कशी असते ते जरा जवळून बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका संध्याकाळी तीन बँड. आवाजाची चाचणी उलटी होते. शेवटी वाजवणारा मोठा बँड आधी चाचणी देतो आणि सगळ्यात आधी वाजवणारी पोरं सगळ्यात शेवटी. म्हणजे मग सामान हलवायला लागत नाही, शेवटच्या चाचणीचं सामान तिथेच ठेवून कार्यक्रम सुरू. व्यवहारात याचा अर्थ असा, की मोठ्यांची चाचणी लांबते आणि नवख्यांच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. कधी तीही नाही. ड्रमचा सेट बहुधा एकच, तिघांत मिळून. वाजवायला पंचवीस-तीस मिनिटं. समोर असतात स्वतःचे मित्र, पुढच्या बँडचे मित्र, आणि काही लोक जे फक्त बिअर प्यायला आलेत.

आणि शब्द? शब्द कुणालाच कळत नाहीत. नव्या बँडची ही खरी अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. लहान खोली, मोठे स्पीकर, ड्रम तर कानाशीच. सूर पोचतो, ठेका पोचतो, शब्दांचा चिखल होतो. चालीवर जगणाऱ्या बँडला ते परवडतं. या चौघांची तर सगळी पुंजीच शब्दांत होती.

टर्नर शेफिल्डमध्ये 'द बोर्डवॉक' नावाच्या ठिकाणी बारमागे काम करायचा. मला ही जागा फार आवडते, म्हणून थोडं विषयांतर. हीच इमारत पूर्वी 'ब्लॅक स्वॉन' म्हणून ओळखली जायची. गावकरी प्रेमाने 'मकी डक' म्हणायचे, म्हणजे राजहंसाचं घाणेरडं बदक केलेलं. १९७६च्या ४ जुलैला द क्लॅश या गाजलेल्या पंक बँडने आयुष्यातला पहिला कार्यक्रम केला तो इथेच. त्याच बारमागे ग्लास भरताना टर्नरने जॉन कूपर क्लार्क हा सॅल्फर्डचा कवी ऐकला. काटकुळा माणूस, गॉगल, विस्कटलेले केस, आणि तोंडातून बंदुकीच्या गोळ्यांसारख्या कविता, त्याच्या स्वतःच्या उत्तरेकडच्या हेलात. टर्नरच्या लिहिण्यावर त्याचा ठसा आहे, हे त्याने स्वतः सांगितलंय.

मग गाणी कशावर आली? क्लबच्या दारावरच्या आडमुठ्या बाउन्सरवर, रात्री टॅक्सीसाठी चाललेल्या भांडणावर, रुसलेल्या मैत्रिणीवर. 'मार्डी बम' असं एका गाण्याचं नाव आहे. 'मार्डी' हा त्या भागातल्या घराघरातला शब्द, लहानसहान गोष्टीवरून फुरंगटून बसणाऱ्यासाठी. लंडनच्या माणसालाही तो क्षणभर थांबवतो. पण शेफिल्डच्या पोराला वाटतं, अरे, हे तर माझी आई मला म्हणते! आपल्या बोलीतला शब्द माइकमधून आला की पाठीला जे होतं ते वऱ्हाडी आणि मालवणी माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही.

तर अशी गाणी, आणि खोलीत कळत नाहीत. यावर तोडगा निघाला तो अगदी साधा. टूफ्लाय नावाच्या स्थानिक स्टुडिओत ॲलन स्मिथ या ध्वनिमुद्रकाकडे ते थोडी थोडी गाणी मुद्रित करायचे, त्यांच्या प्रती कोऱ्या सीडीवर काढायचे आणि कार्यक्रमात फुकट वाटायचे. बस्स. आपल्यातले जे कोरी कॅसेट घेऊन दुकानात गाणी भरून घ्यायचे, त्यांना त्या वस्तूचा स्पर्श आठवेल. छापील वेष्टण नाही, कुणीतरी कुणासाठी केलेली प्रत आहे हे हातात घेतल्याबरोबर कळतं.

आता बघा, ही सीडी घरी जाते. पोरगा बसमध्ये ऐकतो, कामावर जाताना ऐकतो. चार वेळा ऐकल्यावर बाउन्सरची गंमत लागते, दहा वेळा ऐकल्यावर पाठ होतं. पुढच्या महिन्यात तो परत जातो आणि गातो. त्याच्या शेजारी कोण उभं आहे? पुढच्या बँडसाठी आलेली एक मुलगी. तिला दिसतं की या अनोळखी पोरांची गाणी खोलीतल्या पन्नास जणांना येतात आणि आपल्याला येत नाहीत. त्या क्षणी तिला जे वाटतं ती म्हणजे जाहिरात. कुठल्याही कंपनीला ती विकत घेता येत नाही. ती विचारते, "सीडी आहे का रे एखादी?"

मला विचाराल तर सगळी युक्ती इथे आहे. माझा वाद आहे तो लोकांच्या तोंडी बसलेल्या दुसऱ्या कथेशी. ती म्हणते, या बँडला इंटरनेटने घडवलं, मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय वेबसाइटने घडवलं. कथा छान आहे, आणि ती का पसरली हेही दिसतं. २००५च्या जुलैमध्ये रुपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने मायस्पेसची मालक कंपनी ५८ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. सगळ्या वर्तमानपत्रांना मायस्पेसवर बातमी हवी होती, आणि तीन महिन्यांत हा बँड वर आला. जोडी जमली! प्रत्यक्षात मायस्पेसवरचं ते पान चाहत्यांनी काढलेलं होतं. बँडला त्याचा पत्ताही नव्हता. सीडीतली गाणी संगणकावर चढवली तीही चाहत्यांनीच. त्यांतल्याच एकाने सगळ्या गाण्यांचा गठ्ठा बांधला आणि नाव दिलं 'बिनीथ द बोर्डवॉक', कारण सीडी बोर्डवॉकमध्ये मिळाली होती. म्हणजे तारेवरून जे धावलं ते आधी खोलीत हातोहात दिलं गेलं होतं. इंटरनेट टपालवाला होता. पत्र त्याने लिहिलेलं नव्हतं.

आणि काळ कुठला? २००४च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना फुकट गाणी वाटणाऱ्यांवर कोर्टात जायला निघाली होती. फुकट दिलं की कोण विकत घेणार, असं सगळा धंदा ओरडत होता. इकडे ही पोरं पिशवीतून फुकट वाटत होती.

पुढचं भराभर सांगतो. २००५च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉमिनोशी करार केला. लॉरेन्स बेल यांनी १९९३ साली काढलेली स्वतंत्र कंपनी, आधीच्याच वर्षी तिच्या फ्रान्झ फर्डिनांड या बँडला मर्क्युरी पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालेलं. ऑगस्टमध्ये रेडिंग आणि लीड्सच्या महोत्सवात छोट्या मंचावर जागा मिळाली आणि गर्दी मावेना. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅस्टोरिया. मग पहिलं गाणं, सरळ पहिल्या क्रमांकावर; शुगाबेब्ज आणि रॉबी विल्यम्स यांच्यासारखी बडी नावं मागे. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने बोलावलं, हे गेले नाहीत. २३ जानेवारी २००६ला अल्बम आला. त्यातली बहुतेक गाणी चाहत्यांकडे वर्ष-दीड वर्ष फुकटात पडून होती. पहिल्या आठवड्यातली विक्री ३,६३,७३५. ब्रिटनमध्ये कुठल्याही बँडचा पहिला अल्बम तोवर इतक्या वेगाने खपला नव्हता. ज्यांना गाणी पाठ होती त्यांनीच रांगा लावल्या. मुखपृष्ठावर बँड नाहीच, सिगारेट ओढणारा त्यांचा एक मित्र आहे. याही गोष्टीचं मला अप्रूप आहे.

याची किंमत नव्हती असं नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेचा दौरा तोंडावर असताना अँडी निकल्सन थकून थांबला, आणि मग बँडमधून गेलाच. ओळखीतलाच निक ओमॅली बेसला आला. अल्बमला मर्क्युरी मिळाला तेव्हा मंचावर पहिल्या चौघांतला एक नव्हता. वेगाचं कौतुक करताना मी हे नाव गाळत नाही.

आता कुणी म्हणेल, ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आज काय? आज सीडी वाटायला पोरांच्या घरी सीडीचं यंत्र नाही. पण खोली अजून लागते, आणि खरी पंचाईत तिथे आहे. छोट्या जागांसाठी झगडणारा म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट सांगतो, की एकट्या २०२३मध्ये अशा १२५ ठिकाणी गाणं बंद झालं. लीड्सचा 'इंग्लिश टीचर' हा बँड बघा. त्यांच्या पहिल्याच अल्बमला २०२४चा मर्क्युरी मिळाला. त्याच्या काही महिने आधी त्यांची गायिका लिली फाँटेन संसदेच्या समितीसमोर बसून दौऱ्याचा हिशोब सांगत होती, तिकिटं खपूनही हातात काही उरत नाही तो हिशोब. मे महिन्यात समितीने शिफारस केली, की स्टेडियमसारख्या मोठ्या जागांच्या तिकिटांवर थोडी पट्टी बसवून ती छोट्या जागांना द्यावी. बाजारात येणारी नवी भाजी खायची तर वाफ्याला पाणी कुणीतरी घालायला हवं, इतकं साधं ते गणित आहे.

अ‍ॅस्टोरिया २००९मध्ये पाडलं, रेल्वेसाठी. बोर्डवॉक २०१०मध्ये बंद झालं. आणि मायस्पेसने २०१९मध्ये जाहीर केलं की सर्व्हर बदलताना बारा वर्षांतली पाच कोटींहून जास्त गाणी नाहीशी झाली. सीडीवरच्या प्रती मात्र कुणाच्या तरी खणात आहेत.

बरं, माझा वेळ संपत आलाय. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कागद आहे, बऱ्याच जणांनी त्याचा पंखा केलाय. तो उलटा धरा. आता मी एक गाणं लावतो, तीन मिनिटांचं. कागद न बघता ऐका, आणि किती शब्द कळले ते मनाशी मोजा. मग तेच पुन्हा लावेन, तेव्हा कागद सुलटा करायचा. मागच्या रांगेला आवाज जास्त होईल. तो तसाच ठेवणार आहे.