हातोडीचं काम आचेवर

मित्रांनो, लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? धाव चाकापेक्षा मुद्दाम जराशी लहान केलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात ती तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफ उठते, लाकूड करकरतं आणि आकसणारी धाव सगळ्या आऱ्यांना तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, आवळून टाकते. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, रिंग गिअर ही दात्यांची कडी चढवताना आपण गॅरेजवाले हेच करतो. फक्त पाणी ओतायचं नाही, रिंग आपोआप निवू द्यायची.

पोलादाचा एक मीटर तुकडा एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतो. रिंगचा आतला व्यास २८० मिलिमीटर धरा आणि ती २०० अंशांनी तापवा. व्यास ०.६७ मिलिमीटर वाढला. रिंग फ्लायव्हीलपेक्षा ०.४ लहान असली, तरी पाव मिलिमीटर मोकळीक मिळाली. नवीन मुलं विचारतात, सर, धातू फुगला तर भोक लहान नाही का होणार? रिंग एका जागी कापून सरळ पट्टी केली असं समजा. पट्टी तापली की लांब होणार आणि तीच पुन्हा वळवली की वर्तुळ मोठंच होणार.

उमेदवारीत असताना मी गॅसची ज्योत थेट दात्यांवर धरली होती. दाते निळे झाले. तो रंग येतो तीनशे अंशांच्या आसपास, आणि तिथे दात्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं. रिंग छान बसली, मलाही बरं वाटलं. काही महिन्यांनी गाडी परत आली तेव्हा स्टार्टरच्या पिनियनने, म्हणजे रिंग फिरवणाऱ्या छोट्या गिअरने, दाते खाल्लेले होते. त्या गिऱ्हाइकाचं नुकसान मी आजही विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, भट्टी किंवा हॉटप्लेट वापरा. ज्योतच वापरायची वेळ आली तर ती आतल्या कडेवर फिरती ठेवा.

ॲल्युमिनियमच्या हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाची, गोष्ट आणखी सोयीची, कारण ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हेड शंभर अंशांनी तापवलं की ३५ मिलिमीटरच्या व्हॉल्व्ह सीटचं (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो त्या कडीचं) घर, म्हणजे ती बसायचा खळगा, ०.०८ मिलिमीटरने मोठं होतं. सीट ड्राय आइसमध्ये (गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) ठेवली तर ती ०.०४ ने आकसते. पण व्हॉल्व्ह गाईडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते त्या नळीचा, व्यास १२ मिलिमीटरच असतो, तिथे तेवढ्याच तापाने जेमतेम २८ मायक्रॉन मिळतात. गाईडला ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा, आणि हलके ठोके लागणारच. हेड मात्र पूर्ण तापवा, एकाच जागी आच दिलीत तर ते वाकेल.

सीट उचलताना जाड हातमोजे घाला. कुठली बाजू वर ते आधीच बघून ठेवा, कारण गरम घरात टेकताच ती काही सेकंदांत फुगते आणि मग तिरकी अडकली की निघत नाही. तळाला लागल्याचा टक् आवाज ऐका, आणि घर आवळून धरेपर्यंत ड्रिफ्टने सीट दाबून ठेवा.