कुणीतरी मिक्सर बंद करायला विसरलंय

नमस्कार श्रोतेहो,

2007 सालचा जून महिना. दहा दिवसांची लेक मांडीवर आणि माझ्या कानात सकाळपासून एकसारखं घुं घुं. घर शिकागोच्या पश्चिमेला, डाउनर्स ग्रोव्ह नावाच्या जुन्या, झाडीच्या गावात. चिपळूणहून बाळंतपणासाठी आलेल्या आईने निदान करून टाकलं, "ओल्या बाळंतिणीच्या कानात वारं शिरलंय." खिडक्या बंद, कानात कापूस, डोक्याला रुमाल. दुसऱ्या दिवशी ती दुपटी वाळत घालायला मागच्या अंगणात गेली आणि ओली दुपटी तशीच घेऊन परत आली. "अगं, हे तुझ्या कानात नाही, झाडावर आहे! आणि रातकिडे असे भरदिवसा कसे ओरडतायत?"

नवऱ्याच्या ऑफिसात महिनाभर हीच चर्चा चालू होती. घरी सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

ते रातकिडे नव्हते. रातकिडा पंखावर पंख घासतो, तोही बहुतेक रात्री. हा सिकाडा. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पन्हळी पत्र्यासारखे पातळ पडदे असतात. स्नायूंनी ते आत ओढायचे आणि सोडायचे, सेकंदाला कितीतरी वेळा. पोट जवळजवळ पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. मादी गात नाही. पसंती कळवायची तर ती पंखांची फक्त एक टिचकी वाजवते. आपल्या सह्याद्रीच्या दाट रानातही उन्हाळ्यात सिकाडा ऐकू येतात, पण ते दरवर्षी. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात एक जात दर 4 वर्षांनी निघते आणि तिथले लोक ती आवडीने खातात. आमच्या अंगणातली जात 17 वर्षं जमिनीखाली झाडांच्या मुळांतला रस पीत बसते आणि मग सगळी एकदम वर येते.

म्हणजे 2007 नंतर थेट 2024. माझी लेक सतराची झाली तेव्हा.

या खेपेला आम्ही तयारीत होतो. जमीन 8 इंच खोलीवर साधारण 18 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की हे निघतात, म्हणून नवऱ्याने स्वयंपाकघरातला थर्मामीटर ओकच्या झाडाखाली खुपसून ठेवला. (तो आता स्वयंपाकघरात परत येणार नाही.) मेच्या मध्यावर करंगळी जाईल एवढी भोकं दिसू लागली. एका संध्याकाळी लेकीने हाक मारली. झाडाच्या बुंध्यावर मातकट रंगाचे किडे रांगेने वर चढत होते. त्यातला एक आमच्या डोळ्यांसमोर थांबला. पाठीवर उभी चीर पडली आणि आतून पांढरंशुभ्र, ओलं, मऊ अंग बाहेर आलं. डोळे लाल, डोक्यामागे काजळाचे दोन ठिपके. पंख सुरकुतलेले, धुऊन पिळलेल्या मलमलीसारखे. बघता बघता ते उलगडले. सकाळी तोच किडा काळा कुळकुळीत, पंखांच्या शिरा नारिंगी. बुंध्यावर पोकळ कात तेवढी चिकटलेली. अशा काती आम्ही खराट्याने झाडून बादल्या भरभरून खताच्या खड्ड्यात टाकल्या.

चारपाच दिवस शांतता. मग गाणं सुरू.

शेजारच्या घरात कुणीतरी चटणी वाटायला मिक्सर लावलाय आणि बंद करायला विसरलंय, असं समजा. तोही सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, तीनचार आठवडे. भरदुपारी झाडाखाली आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. दाट जागी हे एकरी 15 लाखांपर्यंत असू शकतात. पक्षी, खारी, कुत्री खाऊन खाऊन थकतात आणि तरी लाखो उरतात; यांचा बचाव एवढाच. चावत नाहीत, डसत नाहीत, पळायचंसुद्धा त्यांना नीट जमत नाही. फवारणीच्या फंदात आम्ही पडलो नाही. मारणार किती, आणि ते मेलेले पक्ष्यांनी खाल्ले तर?

हिरवळ कापायचं यंत्र मात्र दुपारी चालवू नये. त्याची घरघर यांना आपल्यातलीच वाटते आणि सगळे अंगावर येऊन बसतात. नवऱ्याने ते एकदा करून पाहिलं. शर्ट तिथेच काढून पळाला.

आईला व्हिडिओ कॉल लावून मी फोन झाडाकडे धरला. "ऐक, तुझे रातकिडे आले." ती म्हणाली, "काहीच ऐकू येत नाही. छान शांत आहे की तुमच्याकडे." हल्लीचे फोन मागचा एकसुरी आवाज आपणहून गाळून टाकतात, हे लेकीने नंतर समजावलं. आईला ते अजून पटलेलं नाही.

आमचे एक मराठी स्नेही सात मैलांवर नव्या वसाहतीत राहतात. त्यांच्याकडे एकही सिकाडा नाही. बांधकामाच्या वेळी जुनी झाडं तोडली, वरची माती खरवडून नेली. मुळं नाहीत तर खाली जगणार कुणाच्या जिवावर? स्नेही म्हणाले, "सुटलो बुवा." पण पुढच्या रविवारी मुलांना घेऊन आमच्या अंगणात ऐकायला आले.

जून संपता संपता आवाज विरला आणि वास सुरू झाला. त्याबद्दल जास्त बोलत नाही. सुकट विसरलेली पिशवी उघडल्यासारखं, एवढंच सांगते. माद्यांनी कोवळ्या फांद्यांना चिरा पाडून अंडी घातली, त्यामुळे ओकचे शेंडे तपकिरी होऊन लोंबू लागले. मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही. लहान रोपांना मात्र बारीक जाळी बांधावी लागते. आमच्या सफरचंदाच्या रोपाला बांधलेली जाळी शेजारच्या आजींची. आजी ऐंशीच्या आहेत. त्यांनी हा आवाज 1956 मध्ये ऐकलाय, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. मग 1973, 1990, 2007, आणि हा पाचव्यांदा. जाळी त्यांनी 2007 मध्ये विकत घेतली होती.

ऑगस्टमध्ये तांदळाच्या कणीएवढी पिल्लं फांद्यांवरून टपटप खाली पडून मातीत गेली असणार. आम्हाला काही दिसली नाहीत. मी जाळी सोडवली, धुतली, घडी घातली आणि परत द्यायला आजींच्या दारात गेले. त्यांनी घडी हातात घेतली, बोटांनी चाचपून पाहिली आणि माझ्याच हातात परत ठेवली.

"तुझ्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"