याला मार्क किती?

नमस्कार श्रोतेहो.

“मॅडम, एसटी चुकली का?”

पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एका दूधवाल्यानं मला हे विचारलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. अंगात सलवार-कमीज, डोक्याला स्कार्फ, पायात मुलाचे जुने बूट आणि चाळिशी ओलांडलेली बाई पळतेय म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? मी “हो ना” म्हणाले आणि पुढं गेले. खरं कारण सांगायला छातीत हवाच शिल्लक नव्हती.

मी एका हायस्कूलात गणित शिकवते. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं, तेव्हापासून चालणं सुरू झालं आणि चालता चालता पळणं. पुढं साताऱ्यात राहून जे टळत नाही तेही झालं. 2012 पासून आमच्याकडं हिल मॅरेथॉन असते. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरून परत यायचं, 21 किलोमीटर. ती मी दोनदा पळाले. दुसऱ्यांदा तर शेवटी फोटोला हसण्याइतकी शुद्धही होती. त्याच भरात मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनचा अर्ज भरून टाकला. जानेवारीतला रविवार, 42 किलोमीटर 195 मीटर. डोक्यात हिशेब सोपा होता: एकवीस दुणे बेचाळीस.

हा गणिताच्या बाईचा गणितातच झालेला घोटाळा. कसा, ते सांगते.

आपल्या शरीरात, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात, पिष्टमय अन्नापासून बनलेली साखर साठवलेली असते. तिचं नाव ग्लायकोजेन. साधारण दोन हजार कॅलरींचा हा साठा. आणि पळताना ढोबळमानानं एका किलो वजनाला एका किलोमीटरमागं एक कॅलरी खर्च होते. माझं वजन 62 किलो. आता दोन हजाराला बासष्टनं भागा. उत्तर येतं बत्तीस आणि वर थोडं. म्हणजे बत्तीस किलोमीटरला डबा रिकामा, आणि पुढं दहा किलोमीटर बाकी! जुने धावपटू सांगतात ना, तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला भिंत लागते, ती ही भिंत. अर्थात शरीर चरबीही जाळतं, म्हणून हिशेब इतका सरळ नाही. पण त्यातच सगळी मेख आहे. तुम्ही जितके जोरात पळाल तितकी साखर जास्त जळते. हळू पळाल तर चरबीचा वाटा वाढतो आणि साखर पुरते. शरीराला हे वळण लावायचं म्हणजे महिनोन्महिने हळू पळायचं.

आणि हळू पळणं मला जमेना. श्रोतेहो, खोटं वाटेल, पण जोरात पळण्यापेक्षा ते अवघड आहे. वीस वर्षं माझी सकाळ म्हणजे डबे, पोळ्या, आठची शाळा. पाय हळू चालवायची सवयच नाही. पुन्हा मागून कुणी चालणारा आजोबा आपल्याला गाठायला लागला की जीव कसनुसा होतो तो वेगळाच. आमच्याबरोबर पळणारे एक निवृत्त पीटीचे सर आहेत. ते म्हणाले, “बाई, पळताना सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून तुटलं की समजा, वेग जास्त झाला.” आता पहाटे एकटीनं बोलायचं कुणाशी? मग मी पाढे म्हणायला लागले. एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणता आला तर वेग बरोबर. एकोणतीस साते पर्यंत श्वास तुटला तर पाय आवरायचे. किलोमीटरला पावणेआठ मिनिटं घेणारी मी साडेआठवर आले. नाक्यावरच्या दूधवाल्यानं एकदा सायकल माझ्या बरोबरीनं चालवली आणि काळजीनं विचारलं, “बरं नाही का?”

सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत वीस आठवडे. नोंद सगळी कालनिर्णयवर. त्या चौकोनात आधीच ‘दूध दीड’, ‘गॅस लावला’, ‘भाजीचे दिले’ असं असायचं. त्याच्या खाली मी लाल पेनानं किलोमीटर लिहायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार थोडंथोडं आणि रविवारी लांब. रविवारचा आकडा 16, 18, 20 असा चढत जायचा, चौथ्या रविवारी मुद्दाम 14 वर उतरायचा, की शरीराला सावरायला वेळ मिळावा. सासूबाई भिंतीकडं बघून म्हणायच्या, “इतकं पळून जाणार कुठं? शेवटी यायचंय घरीच.” आणि मी आले की गरम पाण्याचं घंगाळ तयार असायचं. बोलण्यात आणि वागण्यात मेळ नसणं हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे.

खाण्याचे प्रयोग तर विचारू नका. लांब पळताना दर पाऊण तासानं पोटात काहीतरी गोड जायला हवं. पहिल्यांदा राजगिऱ्याचा लाडू नेला. तो टाळूला असा चिकटला, की पुढचे दोन किलोमीटर मला तोंडच उघडता आलं नाही. मग साताऱ्याच्या अभिमानानं कंदी पेढा. दुधाचा पदार्थ, पोटात घुसळला गेला आणि त्याचं जे झालं ते आकाशवाणीवरून सांगण्यासारखं नाही. शेवटी बिया काढलेला खजूर आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी ठरलं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातकच. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या उपवासाचं काय, हा प्रश्न होताच. पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट! पळणाऱ्यासाठी उपवासाइतकं सोयीचं जेवण नाही.

दिवाळीनंतर रस्ता बदलला. रविवारी मी संगम माहुली ओलांडून कोरेगावच्या रस्त्याला जायची, आणि तोवर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. अंधारात समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो. एकामागे एक दोन ट्रॉल्या, दिवा एकच, आणि गाणी मात्र तमाशाच्या फडासारखी मोठ्यानं. रस्ता सोडून गवतात उभं राहायचं. वरून एखादं कांडं पडलं तर तो प्रसाद. नवरा स्कूटरवर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागं यायचा. एकदा तो ठरल्या जागी दिसेना. दोन किलोमीटर तहानलेली गेल्यावर सापडला, ऊसतोड कामगारांच्या खोपीशी शेकत चहा पीत बसला होता. त्या बायका माझ्याकडं बघत राहिल्या. आपल्यापेक्षा जास्त श्रम रोज करणाऱ्या बायकांसमोर हौसेनं घामाघूम होऊन उभं राहायला मला त्या दिवशी ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्यातल्या एकीनं न विचारता चहाचा कप माझ्या हातात दिला.

हीच गोष्ट मला स्टेडियमवरही रोज जाणवायची. मंगळवारी, गुरुवारी मी शाहू क्रीडा संकुलात पळायची. तिथं पहाटे पाचपासून भरतीची पोरं-पोरी असतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800. सेकंदावर मार्क. त्यातली एक मुलगी, नाव सांगत नाही, माण तालुक्यातली, इथं खोली घेऊन राहिलेली. तिचे काही सेकंद कमी पडत होते. तिला घड्याळ धरणारं कुणी नव्हतं, म्हणून माझ्या हातात तिनं मोबाइल दिला आणि मी तिची टायमिंगची बाई झाले. दोन फेऱ्या ती जिवाच्या आकांतानं पळायची आणि रेघेपलीकडं गुडघ्यावर हात टेकून वाकायची. मी आकडा सांगायची. आकडा वाईट असला की सांगताना मलाच अपराधी वाटायचं.

एकदा दम खाताना तिनं विचारलं, “मॅडम, तुमचं किती पळायचं असतंय?”

मी सांगितलं. तिनं मनातल्या मनात भागाकार केला. “म्हणजे ह्या ट्रॅकच्या एकशे पाच फेऱ्या?”

“वर अर्धी.”

“आणि याला मार्क किती?”

मला उत्तर आलं नाही. तब्येत, आनंद, आत्मविश्वास असले शब्द तोंडाशी आले होते, पण आठशे मीटरवर जिची नोकरी अडली आहे तिच्यासमोर ते काढवेनात.

माण म्हणजे ललिता बाबरांचा तालुका. मोही गावची ही मुलगी 2012, 13 आणि 14 अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली. तिकडच्या प्रत्येक पळणाऱ्या पोरीला हे पाठ असतं. बायकांना मॅरेथॉनएवढी लांब शर्यत ऑलिंपिकमध्ये पळू द्यायलाच 1984 साल उजाडलं. तेव्हा मी बालवाडीत होते. पुरुषांची पहिल्यापासून, 1896 पासून चालू होती. त्यांच्यातले आपल्याकडचे आद्य म्हणजे बेळगावचे फडेप्पा चौगुले. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी शेतकरी मुलं दोराबजी टाटांनी पाहिली आणि पुढच्या वर्षी भारताचा चमू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. तिथली मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पळून एकोणिसावे आले. मी हिशेब केलाय, तेवढ्या वेळात मी साडेवीस किलोमीटरवर खजूर चघळत असते.

डिसेंबरच्या तोंडाला माझा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूनं दुखायला लागला. जिना उतरताना सुरी फिरवल्यासारखं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघ्याला हातही न लावता मला कुशीवर झोपवलं आणि वरचा पाय उचलायला सांगितलं. दहाव्यांदा तो थरथरायला लागला. दुखणं गुडघ्यात, पण कारण कमरेच्या कमजोर स्नायूंत. त्यात मी नेहमी रस्त्याच्या एकाच कडेनं पळणारी. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळं एक पाय सदा खाली. पंधरा दिवस पळणं बंद. कालनिर्णयचे चौकोन नुसते दुधागॅसचे राहिले. त्या पंधरा दिवसांत मी घरात सगळ्यांवर इतकी चिडले, की सासूबाईंनीच विचारलं, “कधी जाणार आहेस पळायला?”

डिसेंबर संपता संपता 32 किलोमीटर एकदा पार पडले. त्यानंतर तीन आठवडे उलट कमी कमी पळायचं, पाय ताजे ठेवायचे. पायाच्या दोन बोटांची नखं काळी पडली होती. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा असतो, हे मला नखं गेल्यावर कळलं.

मुंबईत आदल्या रात्री नणंदेकडं दादरला उतरलो. पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंधारात हजारो माणसं. साताऱ्यात सकाळी हातमोजे घालणारी मी, इथं उभ्या उभ्या घामानं भिजले. समुद्राची दमट हवा. घाम वाळतच नाही, तोंडावर नुसतं मीठ साचतं. मरीन ड्राइव्ह अंधारातच संपला. पाठच्या-पुढच्यांचे पाय ऐकत मी एकोणतिसाचा पाढा म्हणत होते. सी-लिंकवर एरवी पायी जाता येत नाही. तिथं पोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता, आणि खाली पाण्यात एक होडी अगदी सावकाश चालली होती. माझ्याइतकी सावकाश.

परतीला माहीम, शिवाजी पार्क. रस्त्याच्या कडेला लोक घरातल्या ताटांत संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन उभे. एका आजींनी माझी छातीवरची पाटी वाचून नावानं हाक मारली, “चल गं, थांबू नकोस!” मुंबईच्या माणसांबद्दल सातारकराच्या मनात जे काय असतं, ते त्या फोडीबरोबर बरंचसं विरघळलं.

आणि मग पेडर रोडचा चढ. जाताना अंधारात तो कधी गेला कळलंसुद्धा नव्हतं. यवतेश्वर चढणाऱ्या बाईला त्याचं काय! पण येताना तो पस्तीस किलोमीटर उलटल्यावर भेटतो. पाढा म्हणायला गेले. एकोणतिसाचा सोडाच, सतराचा आठवेना. सतरा साते... सतरा साते... वीस वर्षं मुलांना त्याच पाढ्यासाठी उभं केलेली मी. डबा रिकामा झाला होता, मेंदूलाही साखरच लागते. मी चालायला लागले. संपूर्ण चढ चालत चढले. लाज वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उतार लागल्यावर पुन्हा पळाले.

शेवटचे ते 195 मीटर. 1908 साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या आसनासमोर संपावी म्हणून अंतर असं अडनिडं झालं, आणि पुढं 1921 ला तेच कायम ठरलं. त्या राजघराण्याला मी दोन-चार सातारी शब्द अर्पण केले. वेळ लागला 5 तास 51 मिनिटं.

सोमवारची रजा टाकली होती ते बरं. दोन दिवस जिना उलटा, पाठमोरी उतरत होते. गुरुवारी मात्र स्टेडियमवर गेले, पळायला नव्हे. ती मुलगी होती. मी पिशवीतून पदक काढून दिलं. तिनं ते हातावर तोललं.

“जड आहे की.”

“तुझं भरतीचं कधी?”

“तारीख आली नाही अजून.” तिनं पदक माझ्या गळ्यात घातलं, पाय झाडले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. “मॅडम, घ्या की टायमिंग.”

मी कठड्याला धरून पायरीवर बसले. ती रेघेवर वाकून उभी राहिली, आणि मी म्हणाले, “रेडी.”