क्वेडलिनबुर्गचा कूड

(दृश्य: सकाळचं धुकं, लाल कौलांची छपरं, टेकडीवर चर्चचे दोन मनोरे)

जर्मनीत, हार्त्स डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी, बोडे नदीच्या काठावर क्वेडलिनबुर्ग हे गाव आहे. माग्डेबुर्गहून गाडीत बसलं की तास-सव्वा तासात स्टेशन येतं. तिथून नदीवरचा पूल ओलांडून चालत सुटायचं. नकाशा लागत नाही. गल्ल्याच आपल्याला चौकात आणून सोडतात.

टेकडीवरचं चर्च सेंट सर्व्हेशियसचं. जर्मन राजा हाइनरिश पहिला याला ९३६ साली इथेच पुरलं. त्याच वर्षी राणी माटिल्डे आणि मुलगा ओट्टो यांनी इथे स्त्रियांचा मठ स्थापन केला. पुढे साडेआठशेहून अधिक वर्षं या टेकडीवर मठप्रमुख बायकांची सत्ता होती. १४७७ साली गावाने त्यांच्याविरुद्ध डोकं वर काढलं, तेव्हा मठप्रमुख हेडविगच्या भावांनी फौज आणून बंड मोडलं आणि चौकातला रोलांडचा पुतळा पाडला. रोलांड म्हणजे गावाच्या हक्कांची निशाणी. टाउन हॉलपाशी तो पुन्हा उभा राहिला तो थेट १८६९ मध्ये. हा बघा, तलवार घेतलेला.

पण आपण राजासाठी आलो नाही. आपण या भिंतींसाठी आलो आहोत.

(दृश्य: अरुंद गल्ली, वर पुढे झुकलेले मजले)

लाकडी सांगाड्याची अशी सुमारे दोन हजार घरं या गावात आहेत. एकही भिंत सरळ नाही. कुणी पोट पुढे काढून उभं, कुणी शेजाऱ्यावर रेललेलं. वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे येतो. वोर्डगासे गल्लीतलं हे घर चौदाव्या शतकातलं. याचे खांब जमिनीपासून छपरापर्यंत एकसंध आहेत. पुढे सुतारांनी एकेक मजला वेगळा बांधून वर चढवायला सुरुवात केली आणि मजले असे पुढे सरकू लागले.

आता तुळयांची टोकं जवळून पाहा. छोट्या पिरॅमिडसारखी तासली आहेत. ही खास इथल्या सुतारांची सही. खाली पंख्याच्या आकाराची नक्षी, सहा पाकळ्यांचे तारे, पिळाच्या दोरीसारखे कोरीव पट्टे, आणि मध्येच बांधकामाचं साल.

(दृश्य: कार्यशाळा, ओकचा वासा, पटाशी)

घर आधी जमिनीवर जुळवायचे. प्रत्येक लाकडावर खुणेचे आकडे कोरायचे, सगळं सुटं करायचं आणि जागेवर नेऊन पुन्हा उभं करायचं. सांध्यात लोखंडी खिळा नाही. एकात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसेल असं टोक, आणि आरपार लाकडी खुंटी.

मग चौकटींमधली पोकळी. तिथे काठ्या उभ्या बसवायच्या, त्यांत बारीक फांद्या विणायच्या आणि गवताचा भुसा मळलेली माती दोन्ही बाजूंनी लिंपायची. कोकणातला माणूस हे बघून लगेच म्हणेल, अरे, हा तर आमचा कूड! कारवीच्या जागी इथल्या रानातल्या फांद्या, एवढाच फरक. शेणाचा वास मात्र नाही.

(दृश्य: कुजलेली तळातली तुळई)

ही तुळई कुजली ती पावसाने नाही. कुणीतरी सोय म्हणून सिमेंट थापलं. माती ओल शोषते आणि सोडते, लाकूड कोरडं ठेवते. सिमेंट तसं करत नाही. आत शिरलेलं पाणी आतच राहतं आणि बाहेरून टणक दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. माझ्या मते या गावात येऊन शिकण्यासारखी हीच गोष्ट आहे, आणि ती पर्यटकांच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

पूर्व जर्मनीच्या काळात डागडुजीला पैसा नव्हता. १९८० च्या दशकात जुन्या गावाच्या उत्तर भागात काही घरं पाडून काँक्रीटची साचेबद्ध घरं उभी केली. ही पाहा, डावीकडे. बाकी गाव बहुधा त्याच वाटेने गेलं असतं. १९८९ मध्ये सरकारच गेलं. १९९४ साली युनेस्कोने हे जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

१९९९ पासून इथे तरुणांसाठी वर्षभराचा कार्यक्रम चालतो. जुन्या इमारतींची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायची, सुताराकडे, गवंड्याकडे, मातीकामवाल्याकडे. जर्मनीतला असा हा पहिलाच. कुजलेला भाग तेवढाच कापायचा आणि तिथे नवं ओक जोडायचं. पूर्ण तुळई बदलणं सोपं, पण इथे ते शेवटचा उपाय मानतात.

पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर अनेक तरुण कामासाठी पश्चिमेकडे गेले आणि कित्येक घरं रिकामी पडली. आता काही घरांत पाहुणे उतरतात.

(दृश्य: मातीने भरलेले हात, भिंत, दुपारचं ऊन)

ही चौकट आज भरली. मातीचा पहिला थर वाळायला काही आठवडे जातील, मग दुसरा, मग चुना. खालच्या बाजूला नवं ओक पिवळसर दिसतंय, जुनं काळंभोर. रंग देऊन ते लपवायचं नाही, असं ठरलंय.